चढते ठोके, उतरते ठोके

पोलीस भरतीची जाहिरात निघाली, की नांदेड-लातूरकडच्या गावांत पहाट लवकर होते. किनवट तालुक्यातले इस्लापूरही त्यातलेच. सोयाबीन आणि कापसाचा हा मुलूख. इथल्या तरुणांना गाव सोडून पगाराच्या नोकरीपर्यंत नेणारा सर्वांत ओळखीचा रस्ता आजही मैदानावरूनच जातो. मुले त्याला 'ग्राउंड' म्हणतात. पोलीस शिपाई भरतीत शारीरिक चाचणीचे ५० गुण असतात आणि मुलांसाठी त्यातले २० एकट्या १६०० मीटर धावण्याचे. ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत अंतर संपवले, तर वीसपैकी वीस. मुलींना ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत. सोळाशे मीटरचा हा वेग ताशी साडेअठरा किलोमीटरच्या घरात जातो आणि शेवटच्या फेरीत विशीतल्या मुलाचे हृदय मिनिटाला १९० च्या पुढे धडधडत असते.

मोबाइलवर वेळ लावून धावणारी मुले भरपूर आहेत. थांबल्यावर मनगटावर बोट ठेवून ठोके मोजणारी फारच थोडी. वास्तविक किती वेगाने धावलो हे घड्याळ सांगते. तो वेग शरीराला केवढ्याला पडला, हे नाडी सांगते. व्यायामाने हृदयगतीचे काय होते, या प्रश्नावर शास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक वर्षे काम केले आहे. त्यातून निघालेली सर्वांत उपयोगी गोष्ट ठोके किती चढले यापेक्षा ते कसे उतरले याविषयीची आहे, आणि लोकांपर्यंत नेमकी तीच पोचलेली नाही.

आधी चढण्याविषयी. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो. ठोक्याची विद्युत लहर तिथून निघते. या पुंजक्याला मेंदूकडून येणाऱ्या नसांपासून तोडले, तर तो स्वतःच्या चालीने चालत राहतो आणि ती चाल विश्रांतीतल्या नाडीपेक्षा बरीच जलद असते. जोस आणि कॉलिसन यांनी १९७० मध्ये औषधे देऊन दोन्ही बाजूंच्या नसांचा परिणाम बंद केला आणि सूत्र मांडले : ११८.१ मधून वयाच्या ०.५७ पट वजा करा. वीस वर्षांच्या माणसासाठी उत्तर येते साधारण १०७. मग बसल्या जागी नाडी ७० कशी? व्हेगस ही नस अहोरात्र लगाम खेचून धरते म्हणून.

धावायला सुरुवात होताच पहिल्यांदा हा लगाम सैल होतो. ते इतके झटपट घडते, की पहिल्या एक-दोन ठोक्यांतच फरक दिसतो. शंभराच्या आसपास पोचेपर्यंतचे बरेचसे काम एवढ्यावर भागते. त्यापुढे सिंपथेटिक नसा आणि रक्तात उतरलेले अॅड्रिनलिन हृदयाला खरोखर हाकू लागतात. भरतीच्या रांगेत छातीवर क्रमांक लावून उभ्या असलेल्या मुलाची नाडी शिट्टी वाजण्याआधीच वाढलेली असते, ती भित्रेपणामुळे नव्हे. स्नायू हलण्यापूर्वीच मेंदू हृदयाला आगाऊ वर्दी देतो.

नसांचे हे महत्त्व हृदय-प्रत्यारोपणाने अगदी स्पष्ट केले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदय-प्रत्यारोपण केले. जगात अशा शस्त्रक्रिया तेव्हा नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि सेन यांच्या रुग्णाला काही तासांपलीकडे आयुष्य लाभले नाही. पुढे मात्र जगभर असे रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले, चालू-धावू लागले आणि त्यांच्या नाडीत काही विलक्षण दिसले. बसल्या जागीच ती नव्वद-शंभराच्या आसपास. जिना चढायला लागले तरी काही मिनिटे ती जागची हलत नाही. रक्तातले अॅड्रिनलिन पोचेल तशी सावकाश चढते. थांबल्यावर उतरतेही तशीच रेंगाळत. तुटलेल्या नसा काही रुग्णांमध्ये कालांतराने अंशतः पुन्हा जोडल्या जातात, तेव्हा हा रेंगाळलेपणा कमी होतो.

या नसांवर ताबा मिळवून इच्छेने हृदय थांबवता येते का, हा प्रश्न योग्यांमुळे चर्चेत आला. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करून स्वामी कुवलयानंदांनी योगक्रियांना प्रयोगशाळेत आणले होते. १९३५ मध्ये तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयतज्ज्ञ योग्यांच्या हृदयाचे आलेख घेण्यासाठी भारतात आल्या. पुढे वेंगर, बागची आणि आनंद यांनी हे प्रयोग नव्याने केले आणि १९६१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : श्वास रोखून छाती-पोट आवळल्यावर हृदयाकडे परतणारे रक्त घटते, मनगटावरची नाडी लागेनाशी होते, पण ईसीजीवर ठोके चालूच असतात. व्यायामशाळेत श्वास कोंडून जड वजन उचलणाऱ्याच्या छातीतही हाच दाब तयार होतो. अनेकांना वजन खाली ठेवताच भोवळ येते, तिचे मूळ इथे आहे.

ठोके वाढवून हृदय मिळवते काय? विश्रांतीत एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळपास पाच लिटर. सराव नसलेला धडधाकट तरुण जीव तोडून धावतो तेव्हा ठोके १९५ पर्यंत आणि प्रत्येक ठोक्याचे रक्त शंभर-सव्वाशे मिलिलिटरपर्यंत जाते. म्हणजे वीस लिटरांहून जास्त. एरवी यातला पाचवा हिस्सा स्नायूंना मिळतो, जोराच्या व्यायामात चार हिस्से त्यांच्याकडे वळतात. जागतिक दर्जाच्या लांब पल्ल्याच्या धावपटूचे हृदय मिनिटाला पस्तीस-चाळीस लिटरही फेकते. गंमत अशी, की त्याचे ठोके त्या साध्या तरुणापेक्षा जास्त नसतात. फरक ठोक्याच्या आकारात असतो.

आणखी एक बाब सहसा सांगितली जात नाही. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात, तो सैल पडलेला असताना. मिनिटाला ७० च्या गतीत हा विसावा अर्ध्या सेकंदाहून अधिक असतो. १८० ला पोचल्यावर पूर्ण ठोकाच एक तृतीयांश सेकंदात उरकतो आणि विसावा त्याहून कितीतरी कमी उरतो. निरोगी रक्तवाहिन्या रुंदावून ही तूट भरून काढतात. अरुंद झालेल्या वाहिन्यांना ते जमत नाही. म्हणून चढावर छातीत दाटून येणे आणि थांबल्यावर बरे वाटणे, हे पन्नाशीच्या माणसाने 'गॅस झाला' म्हणून सोडून देऊ नये. माहूरगडाच्या पायऱ्यांवर असे झाले, तर दर्शन थोडे लांबले तरी चालेल.

कमाल हृदयगतीचे २२० वजा वय हे सूत्र तर व्यायामशाळांच्या भिंतींवर आणि ट्रेडमिलच्या पट्टीवर कायमचे जाऊन बसले आहे. त्याचा उगम मात्र फारच कच्चा आहे. १९७१ च्या सुमारास फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांनी निरनिराळ्या अभ्यासांतले पस्तीसेक बिंदू आलेखावर मांडून अंदाजाने एक रेघ ओढली. तीस वर्षांनी रॉबर्ग्ज आणि लँडवेर यांनी ती आकडेमोड नव्याने केली, तेव्हा त्याच बिंदूंतून हे सूत्र निघत नाही असे आढळले. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी १८ हजारांहून अधिक लोकांची मोजमापे एकत्र करून २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र दिले. साठीच्या माणसाला जुने सूत्र १६० सांगते, नवे १६६. २२० चे जुने सूत्र मुख्यतः पुरुषांवर बेतलेले होते, ही उणीव मार्था गुलाटी यांनी शिकागो परिसरातल्या पाच हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासाने २०१० मध्ये दाखवून दिली. त्यांचे सूत्र २०६ वजा वयाच्या ०.८८ पट. साठीच्या बाईसाठी ते येते सुमारे १५३.

यातले कुठलेही सूत्र घेतले तरी एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत वीस ठोक्यांचा फरक सहज निघतो. शिवाय कमाल गती हे तब्येतीचे माप नव्हेच. सराव करून ती वाढत नाही, वयानुसार घटते. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी घेणाऱ्याला तर हे गणित लागूच पडत नाही, कारण ती गोळी सिंपथेटिक नसांचा हात अडवते. असा माणूस १२० ठोक्यांवरही पुरता थकलेला असू शकतो. यंत्रावरच्या १५० च्या मागे लागून तो स्वतःला नसती इजा करून घेईल.

सुश्रुताने व्यायाम अर्ध्या शक्तीइतका करावा असे सांगून त्याची खूण दिली आहे : श्वास तोंडाने घ्यावा लागतो, कपाळावर, नाकावर, काखेत घाम येतो, तिथे थांबावे. आजचे प्रशिक्षक चालता-चालता बोलता येते का हे पाहतात. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. कमाल गतीच्या साधारण ६४ ते ७६ टक्के. दोन-चार शब्दांनंतर दम घ्यावा लागतो, तो जोराचा. रोजच्या व्यायामाला ही कसोटी मनगटावरच्या घड्याळापेक्षा भरवशाची आहे, कारण घड्याळाचा प्रकाश टाकून मोजणारा संवेदक हात हलताना आणि पट्टा सैल असताना चुकतो. हातात घड्याळ नसलेल्या गावातल्या माणसाचे यात काहीच अडत नाही.

नियमित सरावाने विश्रांतीची नाडी खाली येते, हे मात्र खात्रीने दिसते. स्वीडनच्या उप्साला येथील हेन्शेन यांनी १८९९ मध्ये बर्फावर लांब अंतर घसरत जाणाऱ्या खेळाडूंची छाती बोटांनी ठोकून त्यांची हृदये मोठी असल्याचे नोंदवले. क्ष-किरणे तेव्हा नवीन होती आणि तरीही त्यांचा निष्कर्ष टिकला. मोठे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते, म्हणून त्याला कमी ठोके पुरतात. सायकलपटू मिगेल इंदुराइन यांची विश्रांतीची नाडी २८ सांगितली जाते. याचे श्रेय अनेक दशके व्हेगसच्या वाढलेल्या ताणाला दिले जाई. २०१४ मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवले, की सरावाने सायनस नोडच्या पेशींचीच घडण बदलते, ठोका घडवणाऱ्या आयन-वाहिन्या कमी होतात. वाद अजून मिटलेला नाही, आणि बहुधा दोन्हींचा वाटा आहे.

मराठवाड्याला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात दाखल झाल्यावर धावपटू म्हणून घडला. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. त्याने हे अंतर जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत पार केले. प्रत्येक अडथळ्यावर लय मोडते, पुन्हा वेग धरावा लागतो, आणि हृदयाला विसावा म्हणून मिळत नाही. असे हृदय एका मोसमात तयार होत नाही. जाहिरात निघाल्यावर दोन महिने पहाटे जीव तोडणाऱ्या मुलांना हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवे.

घडलेले हृदय बिघडायला मात्र फार वेळ लागत नाही. १९६६ मध्ये डॅलस येथे बेंगट साल्टिन आणि सहकाऱ्यांनी पाच तरुण विद्यार्थ्यांना वीस दिवस अंथरुणावर पडून राहायला लावले. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चौथाईहून अधिक घसरली आणि तेच काम करायला आधीपेक्षा कितीतरी जास्त ठोके लागू लागले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. पन्नाशीत आलेल्या त्या माणसांची क्षमता वयाने जेवढी घटली होती, तिच्यापेक्षा त्या वीस दिवसांतली घट जास्त होती.

आता उतरण्याविषयी. जर्मनीत १९३० च्या दशकाच्या शेवटी प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी धावण्याचा सराव नाडीवर बेतला. तुकडा असा धावायचा, की ठोके १८० पर्यंत जावेत, मग थांबायचे. दीड मिनिटात नाडी १२०-१२५ वर आली तर पुढचा तुकडा, नाही आली तर त्या दिवसाचा सराव बंद. हृदय घडते ते या विसाव्यात, अशी त्यांची धारणा होती. गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून जगाला थक्क केले. नव्वद सेकंदांचा हा नियम भरतीच्या मुलांना आजही जसाच्या तसा उपयोगी आहे. त्यासाठी अकॅडमीची फी भरावी लागत नाही.

रुग्णालयांतही याच उतरण्याने लक्ष वेधले. क्लीव्हलंडच्या कोल आणि सहकाऱ्यांनी २,४२८ रुग्णांची ट्रेडमिल चाचणी घेऊन त्यांना सहा वर्षे नजरेखाली ठेवले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की थांबल्यानंतर पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके १२ किंवा त्याहून कमीच उतरले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण, इतर कारणांचा हिशेब धरूनही, दुप्पट होते. पहिल्या मिनिटातला उतार म्हणजे व्हेगसने लगाम पुन्हा हाती घेणे. ते नीट होत नसेल, तर त्या नसेचे काम मंदावले आहे.

शाळेच्या ओट्यावर करता येईल अशी एक जुनी चाचणीही आहे. लूसियन ब्रूहा यांनी ती दुसऱ्या महायुद्धात हार्वर्डमध्ये तयार केली आणि शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांना ती अजून शिकवतात. वीस इंच उंचीच्या पायरीवर मिनिटाला तीस वेळा, पाच मिनिटे चढ-उतार करायची. मग बसायचे. एक मिनिट झाल्यावर अर्धा मिनिट नाडी मोजायची. दोन आणि तीन मिनिटांनीही तसेच. समजा आकडे आले ७५, ६० आणि ५०. बेरीज १८५, दुप्पट ३७०. तीनशे सेकंदांना शंभराने गुणून ३७० ने भागले, की ८१. ऐंशीच्या पुढे चांगले, नव्वदच्या पुढे उत्तम, पंचावन्नच्या खाली कमजोर. वीस इंच म्हणजे ५१ सेंटिमीटर; बुटक्या मुलामुलींना ही पायरी जाचक ठरते, तेवढे ध्यानात ठेवावे.

उन्हात सगळी गणिते बदलतात. त्वचेला थंड ठेवण्यासाठी रक्त तिकडे वळते, घामाने रक्तातले पाणी घटते, प्रत्येक ठोक्याचे माप लहान होते आणि वेग तोच असला तरी ठोके चढतच जातात. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडच्या उत्पादन शुल्क शिपाई भरतीत १० किलोमीटर धावताना किंवा धावल्यानंतर दहाहून अधिक उमेदवार दगावले. त्याच वर्षी जूनमध्ये नवी मुंबईतल्या भरतीत धावताना कोसळून एका तरुणाचा जीव गेला. दमट हवा, रात्रभराचा प्रवास, उपाशीपोटी लावलेली रांग आणि एका धावेवर टांगलेली नोकरी, यांतले काहीही हृदयाला सोपे नाही. मुलांनी जिद्द सोडावी असे म्हणायचे नाही. मैदानावर सावली, पाणी आणि बर्फ ठेवणे ही मात्र भरती घेणाऱ्यांची जबाबदारी आहे.

किनवट-माहूर पट्ट्यात आणखी एका गोष्टीचे भान हवे. गोंड, प्रधान, कोलाम, आंध समाजांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक आढळतात. वाहक म्हणजे रोगी नव्हे. तो धावू शकतो, खेळू शकतो. अमेरिकी सैन्यातल्या भरतीच्या १९८७ च्या अभ्यासात वाहकांमध्ये श्रमामुळे अचानक मृत्यूचे प्रमाण खूप जास्त निघाले होते. २०१६ च्या मोठ्या अभ्यासात मृत्यूचा तो जादा धोका दिसला नाही; त्याचे कारण बहुधा असे, की मधल्या काळात सैन्याने पाणी, विश्रांती आणि उष्णतेचे नियम सगळ्यांसाठीच कडक केले होते. स्नायू विरघळण्याचा धोका मात्र जास्त राहिला. रक्ताची ही तपासणी सरकारी केंद्रात होते. सराव सुरू करण्याआधी ती करून घ्यावी. घरात कुणी तरुणपणी अचानक गेले असेल किंवा धावताना शुद्ध हरपली असेल, तर ईसीजी आणि इकोही.

इथवरची गोष्ट आपणहून व्यायाम करणाऱ्यांची झाली. या भागात ज्यांची नाडी दिवसभर चढलेली असते त्या निंदणी-खुरपणी, कापूस वेचणी, सोयाबीन कापणी करणाऱ्या बायका. त्यांच्या ठोक्यांचा हिशेब मुंबईत झाला. एसएनडीटी विद्यापीठाच्या गृहविज्ञान विभागातल्या वर्गीस, साहा आणि अत्रेय यांनी १९९४ मध्ये भारतीय स्त्रियांच्या कामाची नाडीवरून प्रतवारी मांडली : ९० पर्यंत अगदी हलके काम, १०५ पर्यंत हलके, १२० पर्यंत मध्यम, १३५ पर्यंत जड, १५० पर्यंत फार जड. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातही शेतकरी स्त्रियांचे कष्ट मोजण्याचे आणि कमी करण्याच्या साधनांचे काम चालत आले आहे. आठ तासांच्या कामात सरासरी नाडी ११० च्या पुढे जाऊ नये, असा उद्योगांतल्या श्रमशास्त्राचा जुना दंडक आहे.

त्यात अंगात रक्त कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. हिमोग्लोबिन कमी असले, की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त खेपा कराव्या लागतात. एकाच तासावर शेजारी-शेजारी खुरपणाऱ्या दोघींपैकी एकीचे काम 'मध्यम' ठरते आणि दुसरीचे 'जड'. मजुरी दोघींना सारखीच.

'शेतात राबणाऱ्याला व्यायाम कशाला?' हा प्रश्न इथेच तपासावा लागतो. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसमधले जिने चढणारे कंडक्टर आणि बसून असणारे ड्रायव्हर यांची तुलना केली. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला आणि हालचालीचे महत्त्व जगाला पटले. पण कोपनहेगनच्या एक लाखाहून अधिक लोकांच्या २०२१ च्या अभ्यासात मोकळ्या वेळेतल्या व्यायामाने हृदयविकार आणि मृत्यू घटले, अंगमेहनतीच्या कामाने मात्र वाढले. संशोधक आंद्रेयास होल्टरमान याचे कारण असे देतात, की व्यायाम थोडा वेळ ठोके चढवून मग त्यांना उतरू देतो, तर कष्टाचे काम त्यांना तासन्‌तास मधल्याच पातळीवर अडकवून ठेवते. यावर आक्षेपही आहेत, कारण कष्ट करणारे बहुधा गरीबही असतात आणि गरिबीचा परिणाम पूर्ण वेगळा काढता येत नाही. तरी वाकून आठ तास केलेली खुरपणी आणि पहाटेची तासाभराची चाल हृदयाला सारखी नसते, एवढे मानायला पुरेसा आधार आहे.

यातले बरेच काही गावात करता येण्याजोगे आहे. २०२० च्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताईंनी घरोघरी जाऊन ऑक्सिमीटर लोकांच्या बोटाला लावला. प्राणवायूच्या टक्क्याशेजारी तो नाडीचाही आकडा दाखवतो. वेचणीच्या दिवसांत दुपारच्या भाकरीच्या सुट्टीला, काम थांबवताच एकदा आणि सावलीत पाच मिनिटे बसल्यावर पुन्हा एकदा तो लावला, तर कुणाचे ठोके उतरत नाहीत हे तिथल्या तिथे कळेल. पाच मिनिटांनंतरही ज्यांची नाडी ११० च्या वर आहे, त्यांची नावे वहीत लिहून हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि थायरॉइडच्या तपासणीसाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवता येतील आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी तीच मोजणी पुन्हा करता येईल.